खूण हलवायची नाही

७ जानेवारी

आज गाळ्याची किल्ली हातात आली. जुन्या दुकानाच्या अगदी समोर, मधे फक्त रस्ता. पूर्वी इथे घड्याळं दुरुस्त करायचे, भिंतीत अजून खिळेच खिळे आहेत. हे म्हणाले, "निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात. तू दुकान काढतेस. तेही पुस्तकांचं. तेही पुस्तकांच्या दुकानासमोर."

मी म्हटलं, "मी दुकान काढत नाहीये. दादाचं दुकान बंद पाडतेय."

ह्यांनी चष्मा पुसायला घेतला. बोलण्यात अर्थ नाही असं वाटलं की हे चष्मा पुसतात. आमच्या घरी चष्मे फार स्वच्छ असतात.

ही डायरी मुद्दाम सुरू केली आहे. माझा राग मधूनच पातळ होतो, आणि या कामात ते परवडणार नाही. म्हणून मूळ मुद्दा पहिल्याच पानावर लिहून ठेवते. दुकान आजोबांनी काढलं, बाबांनी वाढवलं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दादा परगावी पाण्याचे पंप विकत होता. दुकान मी चालवलं. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारपासून दुकान, मधल्या मधे बाबांची औषधं. मग बाबा गेले. दादा नोकरी सोडून आला, काउंटरमागच्या आजोबांच्या खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "तू थकली असशील. आता घरी बस."

झालं. एवढंच. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले, ती पुन्हा त्या उंबऱ्याच्या आत गेले नाही. त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. त्या आजोबांच्या खुर्चीतून दादाला उठवायचं आणि तिथे मी बसायचं, एवढीच माझी मागणी आहे.

१९ जानेवारी

रंग झाला. भरपूर दिवे लावले, बसायला मऊ खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. जुन्या दुकानात काय आहे? जिन्यासारखी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, आणि एक स्टूल, तेही एका पायाने आखूड.

आज सकाळी दादा दुकान उघडायला आला तेव्हा मी मुद्दाम दारात उभी राहिले. त्याने मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि कुलपाकडे वळला. ओळखसुद्धा दाखवली नाही. पंधरा वर्षांनी सख्खी बहीण समोर उभी आणि हा भिंतीकडे पाहावं तसं पाहतो. कुलूप उघडायला मात्र त्याला बराच वेळ लागला. किल्ली इकडेतिकडे खुपसत होता. मला पाहून गडबडला असेल. गडबडू दे.

२ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. गर्दी चांगली होती. सगळ्यांनी कॉफी घेतली, दिव्यांचं कौतुक केलं, खुर्च्यांत बसून पाहिलं. आणि मग एकेक करून रस्ता ओलांडून समोर गेले.

टोपीवाले जाताना म्हणाले, "राग मानू नका ताई, तिथे माझं एक अर्धं राहिलंय." हे टोपीवाले बाबांच्या काळापासूनचे. कधी कुठलं पुस्तक विकत घेतल्याचं मला आठवत नाही. अशा लोकांसाठी बाबांनी एक अर्धवट फळी केली होती. ज्याला परवडत नाही त्याने दुकानातच वाचावं, उठताना कागदाची पट्टी घालावी, पट्टीवर आपली खूण काढावी आणि पुस्तक त्या फळीवर ठेवावं. पट्टी आहे तोवर ते पुस्तक विकायचं नाही, मग गिऱ्हाईक कितीही हटून बसो. आणि दुसऱ्याची खूण हलवायची नाही. बाबा फारसे रागवत नसत, पण या नियमापुढे ते कुणाचं ऐकत नसत.

हा नियम दादाने मोडला होता, हेही नोंदवून ठेवते. लहानपणी मी एक खुनाची गोष्ट वाचत होते. माझी खूण चिमणी. दादाने गुपचूप ती पट्टी बरीच पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी मी उघडते तर खुनी तुरुंगात आणि खून कधी झाला त्याचा पत्ता नाही. मी रडून गोंधळ घातला. बाबांनी दादाला शिक्षा केली, की मधली सगळी पानं मला मोठ्याने वाचून दाखवायची. त्याने वाचली, पण मुद्दाम नाकात वाचली.

१६ फेब्रुवारी

समोर सतत ये-जा असते. माझ्याकडे सवलत आहे, त्याच्याकडे नाही. माझ्याकडे पुस्तकं विषयवार आहेत, त्याच्याकडे स्वयंपाकाच्या शेजारी खगोलशास्त्र. काय आहे तिथे असं? ह्यांना हेर म्हणून पाठवलं.

हे तासाभराने आले, चेहरा खुललेला. म्हणाले, "दादा प्रत्येकाला पुस्तकाचं पहिलं पान मोठ्याने वाचायला लावतो. स्वतः डोळे मिटून ऐकतो. मग म्हणतो, हे घ्या, हे तुमच्या आवाजाचं आहे. किंवा म्हणतो, हे नको, तुम्ही दुसऱ्या ओळीलाच कंटाळलात. आणि वाचून परत आणून गोष्ट सांगायची. लोक रांगेत उभे असतात गोष्ट सांगायला. घरी कोण ऐकतं कुणाचं."

"तुम्हाला ओळखलं?"

"आधी नाही. मी खोकलो, मग ओळखलं."

म्हणजे माझ्या नवऱ्याशीही आधी अनोळख्यासारखा वागला. तेही लिहून ठेवलं. हे म्हणाले, "तू एकदा भेटून ये ना त्याला." मी म्हटलं, "कशाला?" हे चष्मा पुसत बसले.

पण युक्ती नामी आहे, हे मान्य केलं पाहिजे. पंप विकून विकून असलं काहीतरी शिकला असणार.

२० फेब्रुवारी

मीही पहिलं पान वाचायला लावलं. तिघांना लावलं, तिघंही परत येणार नाहीत. एका बाईंनी "श" आणि "ष" एकच केले, ते मी सांगितलं. एका गृहस्थांनी स्वल्पविराम गिळला, तोही सांगितला. तिसरा मुलगा घामाघूम झाला आणि म्हणाला, "बाई, मी उद्या पाठ करून येतो." तो माझाच जुना विद्यार्थी निघाला.

१२ मार्च

आज माझ्या दुकानातली एक मऊ खुर्ची टोपीवाल्यांनी उचलली आणि समोर नेली. विचारून नेली. म्हणाले, "तुमच्याकडे रिकामीच असते, आणि त्या स्टुलावर पाठ धरते." मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

दुपारी मीच त्या दुकानाकडे बराच वेळ पाहत बसले होते. उन्हं कलली की दारातून आत एक पट्टा पडतो, थेट नकाशांच्या कपाटापर्यंत. अजून तिथेच आहे ते कपाट. त्याने काही म्हणजे काहीही हलवलेलं नाही. आळशी माणूस.

३ एप्रिल

समोरासमोर उभं राहून हे होणार नाही. मुळावर घाव घालायला हवा. जुन्या दुकानाची इमारत ज्यांची आहे त्या घरमालकीणबाईंकडे आज गेले होते. दादाचा भाडेकरार मे महिन्यात संपतोय. मी म्हटलं, मी जास्त भाडं देईन, आणि दुकान पुस्तकांचंच राहील, तुमच्या इमारतीची शोभा जाणार नाही. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "तुम्हा बहीणभावांच्या भांडणात मी पडायची नाही. दोघं समोरासमोर बसा. काय ते माझ्यासमोर ठरवा."

चालेल. मला तेच हवंय. त्याने तोंड उघडलं की माझी पंधरा वर्षांची शिल्लक मी त्याच्यापुढे ओतणार आहे. आज आरशासमोर उभी राहून बोलून पाहिलं. हे शेजारच्या खोलीत होते, त्यांनी रेडिओ लावला.

११ एप्रिल

विश्वास बसत नाही. घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यात दादा आणि वहिनी आधीच येऊन बसले होते. वहिनीने त्याचा दंड धरला होता, जसा काही तो राजा आणि ही त्याची पट्टराणी. मी नमस्कार केला नाही. त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत होता.

बाईंनी विषय काढला. मी घसा साफ केला. आणि दादा म्हणाला, "तिला द्या."

मी म्हटलं, "काय?"

"तिलाच द्या. तिलाच येतं ते."

बस. कागद पुढे केला तर वाचलासुद्धा नाही. वहिनीने बोट ठेवलं तिथे सही केली, तीही रेघ सोडून, तिरकी. भिकाऱ्याला जुना सदरा द्यावा तसं दुकान दिलं मला. मस्ती म्हणतात ती हीच. मी इतकं सगळं जुळवून आणलेलं भाषण तसंच घेऊन घरी आले. जेवण गेलं नाही.

हे म्हणाले, "जिंकलीस की." मी म्हटलं, "त्याने लढायला नको होतं का?"

१ जून

आज आजोबांच्या खुर्चीत बसले. समोरचा गाळा सोडला, कॉफीचं यंत्र विकून टाकलं.

खुर्ची आठवणीपेक्षा उंच आहे. काउंटरच्या कडेला, बोट जिथे टेकतं तिथे, लाकडाला एक गुळगुळीत खोबण पडली आहे. बाबांच्या वेळी नव्हती. फळ्यांच्या कडांना जागोजागी दोऱ्याच्या गाठी बांधल्या आहेत, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. हा काय पोरखेळ म्हणून सगळ्या कापायला घेतल्या. टोपीवाले म्हणाले, "राहू द्या ना ताई, आम्हाला सवय झालीय." तेवढ्यासाठी राहू दिल्या.

अर्धवट फळीवर एका जाड पुस्तकात चिमणीची पट्टी सापडली. बाबांच्या आजारपणात मी वाचत होते ते. पंधरा वर्षांत विकलं नाही त्याने. दुकानदारी अजिबात कळत नव्हती याचा आणखी काय पुरावा हवा?

४ जून

कहर झाला. सकाळी दुकान उघडलं आणि दादा आत आला. काठी घेऊन, सावकाश. वहिनी त्याला दारापर्यंत सोडून गेली. माझ्याशी एक शब्द नाही. तडक अर्धवट फळीशी गेला, हाताने चाचपत एक पुस्तक काढलं आणि टोपीवाल्यांनी नेलेल्या माझ्याच खुर्चीत बसला. वाचत बसला. दुकान बंद होईपर्यंत.

मी काही बोलू शकत नाही. बाबांचा नियम आहे. पट्टी असलेल्या माणसाला उठवायचं नाही. हे त्याला चांगलंच माहीत आहे. दुकान दिल्यासारखं केलं आणि आता रोज डोळ्यांसमोर बसून मला छळणार. हा त्याचा सूड. मानलं पाहिजे, माझ्यापेक्षा स्वस्तात पडला.

२३ जून

रोज येतो. पुस्तक एका बुडालेल्या जहाजाबद्दलची कादंबरी आहे, उशीसारखी जाड. रोज तो गेल्यावर मी उघडून पाहते. त्याची खूण म्हणजे एक आडवी रेघ, चित्र काढायचासुद्धा कंटाळा. आल्या दिवसापासून ती रेघ त्याच पानावर आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसतो आणि एक पान वाचत नाही. म्हणजे पुस्तक संपायलाच नको, असा डाव आहे. पुस्तक संपलं नाही की उठायला नको.

गिऱ्हाइकं माझ्याशी बोलता बोलता त्याच्याकडे वळतात. "ऐका ना, त्या पुस्तकात शेवटी काय झालं माहितीय का," असं म्हणत त्याच्याजवळ उकिडवं बसतात. तो डोळे मिटून ऐकतो. खुर्चीत मी बसलेय आणि दुकान तिकडे कोपऱ्यात चाललंय.

२९ जून

आज पट्टी हलवली. पुढे, चांगली पाऊणशे पानं पुढे. उद्या उघडेल तेव्हा जहाज बुडून गेलेलं असेल आणि कसं बुडालं त्याचा पत्ता नसेल. मग कळेल. बाबा नाहीत आता शिक्षा करायला. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

३० जून

काही नाही. त्याने उघडलं, पट्टी काढून मांडीवर ठेवली, पुस्तक तसंच धरून बसला. संध्याकाळी पट्टी घातली आणि गेला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मुरलेला आहे.

१ जुलै

पट्टी अगदी शेवटच्या प्रकरणात घातली. तरी काही नाही.

२ जुलै

आज पट्टी नाही, पुस्तकच बदललं. जहाजाच्या जागी तेवढ्याच जाडीचा शब्दकोश ठेवला, पट्टीसकट. आता बघू कसा गप्प बसतो.

तो आला. पुस्तक काढलं. मांडीवर उघडलं. दुपारपर्यंत शब्दकोशाकडे पाहत बसला होता. मधे एकदा तळहात पानावरून फिरवला, मग वास घ्यावा तसं पुस्तक नाकाशी नेलं, आणि हसला. कुणाकडे पाहून नव्हे. आपल्याशीच.

मी खुर्चीतून उठले. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, अगदी पुढ्यात. त्याने मान वर केली आणि माझ्या कानाच्या बाजूला पाहिलं. म्हणाला, "या. काय वाचलंत सांगा."

मी खुर्चीशी परत आले.

३ जुलै

वहिनीला दारातच गाठलं. ती म्हणाली, "तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. मधलं दिसत नाही त्यांना. कडेकडेचं तेवढं दिसतं. वाचणं बंद होऊन दोन वर्षं झाली. माणसं आवाजावरून ओळखतात. पुस्तकं जागेवरून. त्या दोऱ्याच्या गाठी मीच बांधल्या."

मी विचारलं, "आणि दुकान? भांडला का नाही माझ्याशी?"

"कुणाच्या जोरावर भांडणार? आणि तुम्ही समोर दुकान काढलंत त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाले सांगू? म्हणाले, आली एकदाची. त्यांना वाटत होतं, बाबांचं आजारपण, शाळा, दुकान, सगळं तुम्ही एकट्याने ओढलंत, तुम्हाला यातून सुटका हवी असेल. म्हणून ती पंपाची नोकरी सोडून आले. त्यांना कुठे हौस होती पुस्तकांची तेव्हा."

मग ती भाजी घ्यायला निघून गेली.

घरी येऊन ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ह्यांनी चष्मा काढला. मी म्हटलं, "आज पुसलात तर फोडून टाकीन."

४ जुलै, पहाटे

झोप नाही. इतका संताप मला पंधरा वर्षांत आला नव्हता. मी जिंकलेच नाही. ज्याला मी पाडायला निघाले तो आधीच खाली बसलेला होता, आणि मला कुणी सांगितलं नाही. दारात उभी राहिले, त्याने पाहिलं नाही. त्यावर मी पाच महिने जगले. ते सगळं फुकट गेलं. आता मी रागवायचं कुणावर? आणि न रागवता त्या खुर्चीत बसायचं कसं, ते मला येत नाही. "तू थकली असशील" हे तीन शब्द मी जपून ठेवले होते, तेही त्याने काळजीने म्हटले होते म्हणे. काळजीने म्हणायचं तर नीट म्हणावं. पंधरा वर्षं टिकेल असं कशाला म्हणावं?

सोडणार नाही मी त्याला.

४ जुलै

शब्दकोश काढून जहाजाची कादंबरी जागेवर ठेवली. पट्टीही मूळच्या पानावर नेली. नेमकं पान मला आठवत होतं.

दादा आला, बसला. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं तेव्हा मी एका पायाने आखूड असलेलं ते स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसले. त्याच्या मांडीवरून पुस्तक उचललं. त्याने मान वाकडी केली.

मी म्हटलं, "तुझी खूण हलवली होती मी."

तो माझ्या आवाजाकडे वळला. मग म्हणाला, "पुढे की मागे?"

"पुढे. मग आणखी पुढे. मग शब्दकोश ठेवला."

"तो वासावरून कळला." मग म्हणाला, "चिमणे, बाबा असते तर?"

"म्हणूनच बसलेय. मधली पानं वाचून दाखवायला लागतात. गप्प ऐक."

मी वाचायला सुरुवात केली. पहिली दोन पानं मुद्दाम नाकात वाचली. तो हसायचा थांबेना, तेव्हा सरळ वाचलं. टोपीवाले आपलं पुस्तक मिटून जवळ आले. आणखी दोघं-तिघं फळ्यांना टेकून उभे राहिले. दारातला उन्हाचा पट्टा नकाशांच्या कपाटापर्यंत आला आणि वर चढत गेला. दादाने डोळे मिटले होते. जहाजाच्या तळात पाणी शिरलं, दिवे गेले, सगळे नावेत उतरले असं समजून दोर कापला, आणि तेवढ्यात बंद दाराच्या आतून कुणीतरी ठोठावलं.

मी पट्टी घातली आणि पुस्तक मिटलं.

दादाने डोळे उघडले. "पुढे?"

"दुकान बंद करायची वेळ झाली."

"आत कोण आहे तेवढं सांग."

"उद्या."

"एक पान वाच गं. अर्धं वाच."

मी पुस्तक फळीवर ठेवलं, त्याची काठी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "तू थकला असशील. आता घरी जा."

तो थबकला. मग मान हलवत, गाठी चाचपत दाराकडे गेला. वहिनी बाहेर उभी होती, तिला म्हणत होता, "आत कोणीतरी राहिलंय, आणि ही सांगत नाहीये."

आज रात्री त्याला झोप लागणार नाही. तळमळू दे. पुस्तक चांगलं जाड आहे, आणि मला घाई नाही.